गाण्याच्या वर्गासाठी म्युझिक स्ट्रीमर घ्यायचाय: रागानुसार शोधता यावं, तंबोरा मधेच तुटू नये

षड्जपंचम

नमस्कार मंडळी,

मी डोंबिवलीत घरीच गाण्याचे वर्ग घेते. हॉलमध्ये मरँट्झचा पीएम ६००६ अ‍ॅम्प्लिफायर आहे, सोबत व्हार्फडेल डायमंडचे लहान स्पीकर. आजवर सगळं ऐकणं-ऐकवणं सीडी प्लेअरवर चालायचं. त्याची लेझर आता थकली आहे, निम्म्या सीडी वाचतो आणि उरलेल्या नुसत्या फिरवत बसतो. दुरुस्तीवाल्याने सांगितलं की तो सुटा भाग आता येतच नाही. पुन्हा सीडी प्लेअर घेण्यापेक्षा सगळ्या सीडी एकदाच्या संगणकावर उतरवून स्ट्रीमर, म्हणजे साठवलेलं किंवा इंटरनेटवरचं गाणं वाजवणारा खोका, घ्यावा असं मनात आहे. बजेट चाळीस हजार, त्याच्या आत बसलं तर आनंदच.

माझी गरज जरा वेगळी आहे म्हणून सविस्तर लिहिते. समजा मी बागेश्री शिकवतेय. मध्यमावर कसं विसावायचं, "मधनिधम"मध्ये धैवतावर किती वेळ रेंगाळायचं, हे बोलून कळत नाही, ऐकवावंच लागतं. मग मला अमीर खाँसाहेब, कुमारजी आणि किशोरीताई यांचा बागेश्री एकापाठोपाठ एक हवा असतो, तोही मुलींचं लक्ष आहे तोवर, म्हणजे मिनिटाभरात. सीडीच्या ढिगातून हे कधीच जमलं नाही. मोबाईलवरच्या अ‍ॅपमध्ये "बागेश्री" टाइप केलं की बासरीपासून रिमिक्सपर्यंत सगळं येतं आणि हवं ते खाली कुठेतरी दडलेलं असतं.

दुसरं दुखणं याहून मोठं. आमच्या सीडींवर विलंबित एक ट्रॅक आणि द्रुत दुसरा ट्रॅक असतो, पण गाणं सलग आहे, तंबोरा चालूच आहे. मोबाईलवरून ब्लूटूथने लावलं की ट्रॅक बदलताना तंबोरा क्षणभर गप्प होतो आणि मग "टप्" करून पुन्हा सुरू होतो. ज्या क्षणी तबल्याचा ठेका बदलून अंगावर काटा यायला हवा, नेमका तिथेच खड्डा! मुलींना त्याची सवय होऊ नये असं मला फार वाटतं. सलग षड्ज कानात मुरला तरच सूर लागतो.

तिसरं म्हणजे वर्गात मला मोबाईल हातात नको. मधेच कुणा पालकाचा फोन येतो आणि गाणं थांबतं.

राउटर बेडरूममध्ये आहे, हॉलमध्ये वायफाय जेमतेम पोचतं. बिल्डिंगमध्ये इतकी नेटवर्क्स आहेत की यादी संपत नाही. माझ्या गुरुजींच्या खाजगी मैफिलींच्या काही सीडी आहेत, घरी बर्न केलेल्या. त्या मला जिवापलीकडे मोलाच्या आहेत.

कोणता स्ट्रीमर घ्यावा? आणि दुकानात गेल्यावर नक्की काय विचारावं?

ठाणेकर_श्रोता

ताई, सरळ विम कंपनीचा अल्ट्रा हा स्ट्रीमर घ्या. साडेतीन इंची टचस्क्रीन आहे, मागे यूएसबीला हार्ड डिस्क लागते, टीव्हीसाठी एचडीएमआय आहे, उद्या रेकॉर्ड प्लेअर आणलात तर त्याचीही सोय आहे. २०२४ मध्ये आला तेव्हा बाहेरची किंमत ३२९ डॉलर होती. आपल्याकडे कर वगैरे धरून तुमच्या बजेटच्या आसपास जाईल. माझ्याकडे आहे, उत्तम वाजतो. एक लक्षात ठेवा, त्यात एअरप्ले, म्हणजे आयफोनवरून बिनतारी गाणं पाठवायची सोय, नाही. घरात आयफोन असेल तर विचार करा.

तीन्ही_सप्तक

षड्जपंचम ताई, तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं. स्ट्रीमरवरची बहुतेक चर्चा आत कुठली डॅकची (डिजिटलचं अ‍ॅनालॉग करणारी) चिप आहे इथून सुरू होते आणि तिथेच संपते. तुमच्या बाबतीत तो प्रश्न जवळजवळ निकालात निघालेला आहे. पीएम ६००६ मध्ये स्वतःचा डॅक आहे, मागे दोन ऑप्टिकल आणि एक कोअ‍ॅक्शियल इनपुट आहेत. स्ट्रीमरमधून ऑप्टिकल केबल काढून तिथे लावली की डिजिटलचं अ‍ॅनालॉग करण्याचं काम मरँट्झ करेल, स्ट्रीमर फक्त डेटा पुरवेल. मग स्ट्रीमरमधल्या महाग डॅकचे पैसे कशाला मोजायचे? विम प्रो आणि विम प्रो प्लस यांच्यातला मुख्य फरक आतल्या डॅकचा आहे. ऑप्टिकलने जोडणाऱ्याला साधा प्रो पुरतो. त्याला लॅन केबलही लागते, सगळ्यात धाकट्या विम मिनीला लागत नाही. तुमच्या वायफायची अवस्था बघता मिनी बाद.

आता तुमचं खरं दुखणं. ट्रॅकच्या मधला खड्डा दोन कारणांनी पडतो. एक म्हणजे फाइलच्या प्रकारामुळे. एमपीथ्री बनवताना प्रत्येक ट्रॅकच्या पुढे-मागे थोडी शांतता चिकटतेच. फ्लॅक या फाइलप्रकारात ती चिकटत नाही, सीडीवर जितके नमुने होते तितकेच फाइलमध्ये येतात. म्हणून सीडी उतरवताना फ्लॅकच करा. दुसरं कारण वाजवणाऱ्या यंत्राचं. पहिला ट्रॅक संपायच्या आधीच यंत्राला पुढचा ट्रॅक माहीत असावा आणि त्याने तो थोडा उचलून तयार ठेवावा लागतो. जे यंत्र आधीचं संपल्यावर पुढचं शोधायला निघतं तिथे तंबोरा तुटणारच. याला गॅपलेस प्लेबॅक म्हणतात. खोक्यावर गॅपलेस लिहिलेलं असलं तरी ते कुठल्या मार्गाने वाजवल्यावर, हे बघायला हवं. एकच यंत्र स्वतःच्या अ‍ॅपमधून सलग वाजवतं आणि दुसऱ्या अ‍ॅपमधून कास्ट केलं (बिनतारी पाठवलं) की अडखळतं, असं होतं.

त्यामुळे दुकानात जाताना पेनड्राइव्हवर एक विलंबित-द्रुत जोडी फ्लॅकमध्ये घेऊन जा. पहिल्या ट्रॅकचा शेवटचा अर्धा मिनिट लावा आणि डोळे मिटून तंबोरा ऐका. विक्रेत्याला दुसरं काही विचारू नका. बाकी सगळं माहितीपत्रकात वाचता येतं, हे येत नाही.

रागानुसार शोधण्याचं उत्तर स्ट्रीमरमध्ये नाही, ते तुमच्या फाइलींमध्ये आहे. पाश्चात्य संगीतासाठी बनवलेल्या प्रत्येक सॉफ्टवेअरला अल्बम, कलाकार आणि जॉन्र (संगीताचा प्रकार) एवढंच कळतं. राग हे खातंच नसतं. आपल्याकडे राग अल्बमचाही नसतो, एकाच सीडीवर पूरिया आणि नंतर सोहनी असतो. म्हणून बरेच जण जॉन्रच्या खात्यात रागाचं नाव घालतात, ट्रॅकगणिक. एमपीथ्रीटॅग नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, नाव असं असलं तरी फ्लॅकवरही चालतं. एका वेळी शंभर फाइली निवडून बदल करता येतात. शीर्षकात बंदिशीचा मुखडा आणि ताल, जॉन्रमध्ये राग, कॉमेंटमध्ये मैफलीचं ठिकाण आणि साल.

लेखन मात्र पहिल्या दिवशी ठरवून टाका. "मियाँ की तोडी" एका फाइलीत चंद्रबिंदूने आणि दुसऱ्या फाइलीत अनुस्वाराने लिहिलं की संगणकाला ते दोन वेगळे राग वाटतात आणि निम्मी तोडी सापडतच नाही. बागेश्री-बागेश्वरीचं तेच, दरबारी-दरबारी कानडाचं तेच. रोमनमध्ये तर बघायलाच नको. एका वहीत रागांची यादी करा आणि तिथूनच नक्कल करून चिकटवा. फ्लॅकच्या टॅगमध्ये (फाइलीला जोडलेल्या माहितीत) देवनागरी व्यवस्थित बसते. काही यंत्रांच्या छोट्या पडद्यावर जोडाक्षरं फुटतात, पण तुम्ही टॅबलेटवरून चालवणार असाल तर त्याचा त्रास नाही.

आणि हो, गुरुजींच्या बर्न केलेल्या सीडी सगळ्यात आधी उतरवा. आज शक्य असेल तर आज. दुकानातल्या सीडीवर खड्डे दाबून उठवलेले असतात, घरी बर्न केलेल्या सीडी-आरमध्ये रंगद्रव्याचा थर असतो आणि ऊन, उष्णता, दमट हवा यांनी तो विरतो. डोंबिवलीच्या पावसाळ्यात त्या किती वर्षं राहिल्यात देव जाणे. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हे विंडोजवरचं मोफत सॉफ्टवेअर वापरा. ते शंका आली की तीच जागा पुन्हा पुन्हा वाचतं आणि कुठे नीट वाचता आलं नाही ते सांगतं. एक प्रत घरात आणि एक दुसऱ्या कुणाच्या घरी ठेवा.

मिरजेचा

आमचं तंबोरे-सतारीचं काम आहे, पिढीजात. स्ट्रीमरमधलं तांत्रिक काही सांगू शकणार नाही, पण कानाची एक परीक्षा सांगतो.

जवारी नीट लागलेला तंबोरा एक सूर देत नाही, तारेला दोरा सरकवून योग्य जागी आणला की सुरातून वरचे सूर उमलत जातात. खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू येतो तो असाच. रेकॉर्डिंग चांगलं असेल तर हे सगळं स्पीकरमधूनही येतं. कमी दर्जाच्या एमपीथ्रीमध्ये हेच वरचे सूर आधी बिघडतात, पाण्यात बुडवल्यासारखे हलत राहतात. १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीत मला हे दर वेळी कळतं. ३२० आणि फ्लॅक यात मात्र मला खात्रीने फरक सांगता येत नाही आणि कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर डोळे बांधून ऐकवावं.

म्हणून ताई, यंत्र वाजवून बघताना गायकाकडे लक्ष देऊ नका. नुसता तंबोरा ऐका. आणि स्पीकर भिंतीपासून जरा पुढे ओढा, हातभर तरी. भिंतीला चिकटलेल्या स्पीकरमध्ये खर्ज फुगतो आणि जवारी झाकली जाते. हे फुकट आहे आणि कुठल्याही डॅकपेक्षा जास्त फरक पाडतं.

षड्जपंचम

मिरजेचे दादा, तुमचं लिहिणं वाचून लगेच स्पीकर पुढे ओढले. पडद्याला लागून होते. गायिकेच्या आवाजात जो एक घोंगडीआड गेल्यासारखा भाव होता तो कमी झालाय. मनापासून आभार.

तीन्ही_सप्तक, सीडी-आरचं हे माहीत नव्हतं. काल रात्रीच बसले. बहुतेक सगळ्या उतरल्या, एका सीडीची शेवटची काही मिनिटं वाचली जात नाहीत. गुरुजींचा मारवा आहे तो. दुसऱ्या ड्राइव्हवर प्रयत्न करून बघते.

तुमच्या उत्तरावरून एवढं कळलं की डॅक अ‍ॅम्प्लिफायरमध्येच आहे, त्यामुळे स्ट्रीमर साधा चालेल. पण मग फाइली कुठे ठेवायच्या? विम प्रोला हार्ड डिस्क लागते का? आणि यूट्यूबवर जुन्या मैफिली खूप आहेत, त्या कशा ऐकवायच्या?

पाय_आणि_फ्लॅक

ताई, विम प्रोला हार्ड डिस्क थेट लागत नाही, अल्ट्राला लागते. पण तुमच्यासाठी मी तिसराच मार्ग सुचवतो, कारण तुमची गरज शोधण्याची आहे.

स्क्वीझबॉक्स नावाचे स्ट्रीमर एके काळी फार लोकप्रिय होते. स्लिम डिव्हाइसेस ही मूळ कंपनी लॉजिटेकने २००६ मध्ये घेतली आणि २०१२ मध्ये ते स्ट्रीमर बंद केले. पण त्याचं सर्व्हर सॉफ्टवेअर, म्हणजे संग्रह सांभाळून प्लेअरला गाणं पुरवणारं, मुक्त स्रोत होतं, म्हणून लोकांनी ते जिवंत ठेवलं. आज त्याचं नाव लिरियन म्युझिक सर्व्हर. बंद झालेल्या उत्पादनाचे खोके आजही लोकांच्या घरात रोज वाजतात ते यामुळे. याउलट उदाहरण क्रोमकास्ट ऑडिओचं. २०१९ मध्ये उत्पादन थांबलं आणि मार्च २०२५ मध्ये एका सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत संपली म्हणून जगभरातले खोके एकदम बंद पडले. गूगलने काही दिवसांत दुरुस्त केलं, पण तोवर घरातल्या सुस्थितीतल्या यंत्राचा उपयोग शून्य. संग्रह आयुष्यभराचा असेल तर तो वाजवणारी गोष्ट कंपनीच्या मर्जीवर नसावी असं माझं ठाम मत आहे.

तर: रास्पबेरी पाय ४ हा छोटासा संगणक, दोन जीबीचा पुरतो. त्यावर हायफायबेरीचं डिजी कार्ड, म्हणजे ऑप्टिकल बाहेर निघतं आणि थेट तुमच्या मरँट्झमध्ये जातं. एसडी कार्डावर पायकोअरप्लेअर हे सॉफ्टवेअर टाकायचं. त्यातच लिरियन सर्व्हर आणि वाजवणारा स्क्वीझलाइट दोन्ही मिळतात. बाजूला एक एसएसडी. पाचशे सीडी फ्लॅकमध्ये साधारण दीडशे ते दोनशे जीबी होतात, तेव्हा ५१२ जीबीत तुमचा सगळा संसार मावेल.

पायकोअरप्लेअरच का, हे सांगतो. पाय वापरणाऱ्यांची नेहमीची तक्रार असते की लाईट गेली की एसडी कार्ड खराब होतं. पायकोअरप्लेअर सुरू झालं की पूर्ण मेमरीत चालतं, कार्डावर सतत लिहीत नाही. आमच्याकडे पावसाळ्यात दिवसातून चारदा लाईट जाते, तरी कार्ड टिकून आहे.

चालवायला घरातला कुठलाही जुना टॅबलेट. लिरियनमध्ये मटेरियल स्किन हा दर्शनी भाग टाकला की ब्राउझरमध्येच सगळं उघडतं. सिम नसलेला टॅबलेट घ्या म्हणजे पालकांचे फोन येणार नाहीत. जॉन्र उघडायचं, बागेश्री दाबायचं, समोर कलाकारांची यादी. तुमचे अमीर खाँसाहेब, कुमारजी, किशोरीताई तीन स्पर्शांत रांगेत लागतात. आणि ती रांग "बागेश्री, दुसरा वर्ग" अशा नावाने जपूनही ठेवता येते.

ठाणेकर_श्रोता

पाय चांगलंच आहे, पण ताईंना ते जोडून कोण देणार? वर्ग चालू असताना सॉफ्टवेअर रुसलं तर? विमचा खोका आणला, केबल लावली, दहा मिनिटांत गाणं सुरू. मला वाटतं ज्याला यंत्रात हात घालायची आवड नाही त्याने तयार वस्तू घ्यावी. ब्लूसाउंड नोडही बघा, त्याचं अ‍ॅप फार स्थिर आहे आणि यूएसबीला डिस्क लागते. महाग आहे एवढंच.

तीन्ही_सप्तक

दोघांचंही पटतं, आणि दोन्ही एकत्र होऊ शकतं. विम प्रो लिरियनचा प्लेअर म्हणूनही चालतो. म्हणजे पायवर फक्त सर्व्हर आणि डिस्क, ते राउटरपाशी बेडरूममध्ये केबलने जोडून पडून राहील. हॉलमध्ये विम प्रो, तिथून ऑप्टिकल मरँट्झला. हायफायबेरीचं कार्ड वाचलं. सर्व्हर रुसला तरी विम स्वतःच्या अ‍ॅपवरून रेडिओ, स्पॉटिफाय वगैरे वाजवत राहील, वर्ग अडणार नाही. फक्त ही जोडी घेणार असाल तर खड्ड्याची परीक्षा याच मार्गाने करा, लिरियनमधून विमकडे. परत करण्याची मुदत देणाऱ्या दुकानातूनच घ्या.

यूट्यूबबद्दल: यूट्यूब म्युझिकचं अ‍ॅप विम प्रोवर कास्ट होतं, पण साधं यूट्यूब फक्त आवाजाच्या यंत्रावर कास्ट होत नाही. म्हणून यूट्यूबवरची मैफल टीव्हीवर लावा आणि टीव्हीची ऑप्टिकल मरँट्झच्या दुसऱ्या ऑप्टिकल इनपुटला द्या. दोन आहेत हे इथे कामी येतं. गाना, सावनसारखी आपली अ‍ॅप्स अशा स्ट्रीमरमध्ये आतून नसतात, ती मोबाईलवरूनच पाठवावी लागतात. टायडल आणि कोबझ या गाण्यांच्या परदेशी सेवा भारतात अधिकृतपणे मिळत नाहीत, त्यामुळे परदेशी परीक्षणांत त्यांच्यावर पानंच्या पानं असली तरी तुम्ही ती सोडून द्या.

आणखी एक, स्ट्रीमरचा आवाज सेटिंगमध्ये जाऊन कायमचा पूर्ण ठेवा, फिक्स्ड व्हॉल्यूम असं लिहिलेलं असतं. लहान-मोठा करायचं ते मरँट्झच्या बटणाने. त्याचा रिमोट तुमच्याकडे असेलच.

वर्ग नसेल तेव्हा आकाशवाणीची रागम वाहिनी लावून बघा. २६ जानेवारी २०१६ पासून चोवीस तास फक्त शास्त्रीय संगीत. संग्रहातलं जे ध्वनिमुद्रण कुठल्याच सीडीवर आलेलं नाही तेही तिथे कानावर पडतं.

षड्जपंचम

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं माझं: विम प्रो आणि बेडरूममध्ये पाय. माझा एक जुना विद्यार्थी संगणकाचं काम करतो, तो पाय लावून द्यायला आनंदाने तयार झालाय. रागांची वही मी आजच उघडली. यादी करताना लक्षात आलं की माझ्याकडे बिहागचे प्रकार इतके आहेत की त्यांचंच एक पान झालं.

मारव्याची सीडी दुसऱ्या संगणकावर पूर्ण वाचली गेली! शेवटचा द्रुत सगळाच्या सगळा मिळाला.

एकच शेवटचा प्रश्न. बेडरूममधून हॉलपर्यंत लॅन केबल ओढायला भिंत फोडावी लागेल, ते घरच्यांना नको आहे. विम हॉलमध्ये वायफायवर ठेवलं तर चालेल का?

पाय_आणि_फ्लॅक

चालेल. सीडीच्या दर्जाच्या फ्लॅकला सेकंदाला एक मेगाबिटच्या आसपासच लागतं, तेवढं साधं वायफायही देतं. अडचण गर्दीची आहे. बिल्डिंगमधले शेजारी बहुतेक २.४ गिगाहर्ट्झवर असतात, तुम्ही विम ५ गिगाहर्ट्झवर टाका. ते भिंतीतून कमी जातं, म्हणून राउटर बेडरूमच्या आतल्या कोपऱ्यातून दाराजवळ आणा, कपाटावर उंच ठेवा. तरीही अडखळलं तर पातळ, चपटी लॅन केबल मिळते, ती दाराच्या चौकटीच्या कडेने, स्कर्टिंगवरून नेता येते. भिंत फोडायची गरज नाही.